मागचं फाटक

३ जानेवारी

या शहरात येऊन पाच महिने होत आले आणि अजून मला इथे कोणी 'साहेब' म्हणालेलं नाही. ही तक्रार नव्हे, नोंद आहे.

वही का सुरू करतोय ते आधी स्पष्ट करतो. घरात माणसं तीन. हिला तिच्या कंपनीने इथे बोगद्याच्या कामावर पाठवलंय. शहराला पिण्याचं पाणी आणणारा मोठा बोगदा जमिनीखालून खणतायत, त्यातल्या एका टप्प्याची ही प्रमुख. लेक चौदा वर्षांची, शाळेत जाते. उरलो मी. मायदेशी मी एका मोठ्या कचेरीत उपव्यवस्थापक, प्रशासन. तीन वर्षांची बिनपगारी रजा टाकून आलोय. इथल्या सरकारने माझ्या पासपोर्टवर 'अवलंबित' असा शिक्का मारलाय आणि नोकरी करायला बंदी केलीय. दुपारी घरात मी आणि कपडे धुण्याचं मशीन, असे दोघेच असतो. मशीनला निदान कार्यक्रम ठरवून दिलेला असतो.

तेव्हा घराचं रीतसर इतिवृत्त ठेवायचं ठरवलंय. पुढेमागे त्याचं पुस्तकही होईल. परदेशातल्या जीवनाबद्दल अधिकाराने लिहिणारी माणसं कमी आहेत.

आज पडदे धुतले. आखडले.

६ जानेवारी

इथल्या भाषेत माझी प्रगती समाधानकारक आहे. वसाहतीच्या रखवालदाराला मी रोज सकाळी त्याच्या भाषेत 'शुभ सकाळ' म्हणतो. तो रोज लगबगीने खिशातली किल्ली काढून मला दाखवतो. इथल्या लोकांची ही पद्धत मला फार लोभस वाटते.

आज लेक बरोबर होती. तिने ऐकलं आणि तोंडावर रुमाल धरून पुढे पळाली. तिला थंडी बाधलेली दिसते.

११ जानेवारी

वसाहतीत 'परदेशस्थ परिवार मंडळ' आहे हे आज कळलं. आमच्या दहा-बारा घरांत निरनिराळ्या देशांची कुटुंबं राहतात. कोणाचा नवरा बँकेत, कोणाचा औषधांच्या कंपनीत. बायका दर गुरुवारी सकाळी जमतात. आज मीही गेलो. सगळ्या बायका आणि मी. आत शिरताच एकीने मला स्वयंपाकघरात नेऊन गळका नळ दाखवला. दुरुस्तीचा माणूस वाटलो. खुलासा झाल्यावर सगळ्या फार सौजन्याने वागल्या. नळ मी पाहिला. वॉशर गेलाय.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे बँकेच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. सहा देशांत राहून आल्या आहेत आणि त्यांना एकही आवडलेला नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्या म्हणाल्या, "चिटणीसाची जागा कधीची रिकामी आहे. कोणी तयार आहे का?"

सगळ्यांनी एकदम आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मी उभा राहिलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या एकमताने माझी निवड आयुष्यात कधी झाली नव्हती.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही दारात बसून चिखलाचे बूट काढत होती. म्हणाली, "बरं झालं. तुमचा वेळ जाईल."

या वाक्याचा मी थोडा वेळ विचार केला. मग सोडून दिला.

१८ जानेवारी

कामाचा पहिला विषय आला.

वसाहतीला दोन फाटकं आहेत. पुढचं मोठ्या रस्त्यावर, मागचं एका गल्लीत. गल्लीतली माणसं मागच्या फाटकातून आत शिरतात, आमच्या हिरवळीच्या कडेने चालत पुढून बाहेर पडतात आणि बसथांब्यावर जातात. संध्याकाळी तशीच परत. शाळेची पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, आणि एक रंगारी तर चक्क खांद्यावर शिडी घेऊन. वळताना शिडीचं मागचं टोक अध्यक्षीणबाईंच्या फुलझाडांना लागतं.

"हे थांबलंच पाहिजे," बाई म्हणाल्या. "तुम्ही प्रशासनातले. तुम्हाला सांगायला नको."

अंगावर मूठभर मांस चढलं.

जेवताना हीसुद्धा गल्लीबद्दलच काहीतरी सांगत होती. मैदान, कुंपण, शब्द दिलाय, असं काहीसं. मी मनातल्या मनात ठरावाचा मसुदा बांधत होतो. "हो हो, अगदी बरोबर," म्हटलं. ही खूश दिसली. संसारात थोडं लक्ष दिलं की एवढं पुरतं.

लेकीचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद झालेत. शाळा सुटल्यावर ती वाचनालयात जाते. जुन्या पुस्तकांच्या धुळीचा त्रास असणार. मलम लावून दिलं. गुडघेही खरचटलेत. पायऱ्या उंच असाव्यात.

२२ जानेवारी

प्रत्यक्ष पाहणी. मागच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलो, मांडीवर कागद.

सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद केली. मग एका बाईने तिचं तान्हं मूल माझ्या हातात दिलं, बुटाची नाडी बांधली, मूल परत घेतलं आणि चालू लागली. विचारलंसुद्धा नाही. त्या गडबडीत आकडा चुकला. शिडीवाल्याने शिडी आडवी ठेवली, तिच्यावर बसला आणि मला बराच वेळ काहीतरी मन लावून सांगत राहिला. मी योग्य त्या ठिकाणी मान हलवली. शेवटी त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. बहुधा मी कशाला तरी संमती दिली. दोन म्हाताऱ्या माझ्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून माझ्या डोक्यावरून भांडल्या. मधूनच दोघी माझ्याकडे बघायच्या, न्याय मागितल्यासारख्या.

उन्हं कधी कलली कळलंच नाही. घरी आलो तेव्हा शीळ घालत होतो, असं लेक म्हणाली.

अहवालात हे सगळं लिहिता येणार नाही. 'रहदारी गंभीर स्वरूपाची' असं लिहिलं.

२९ जानेवारी

ठराव मंजूर! सूचक अध्यक्षीणबाई, अनुमोदक त्यांच्या शेजारणीबाई, मसुदा अस्मादिकांचा. मागचं फाटक बंद. जाड साखळी, मोठं कुलूप. किल्ली अध्यक्षीणबाईंच्या ताब्यात. भिंतीवरून कोणी आत आला तर रखवालदाराने त्याला पकडून थेट चिटणीसासमोर हजर करायचं, हे कलम माझं स्वतःचं आहे.

कुलूप लावताना छोटासा समारंभ केला. सरबत होतं. फाटकापलीकडे शिडीवाला उभा होता. त्याला वाटलं आपल्यासाठीच काहीतरी चाललंय, म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. कुलूप लागल्यावर थांबला. मग माझ्याकडे बघून त्याने हात हलवला. मीही हलवला. नंतर वाटलं, हलवायला नको होता.

३० जानेवारी

कालच्या यशाची बातमी द्यावी म्हणून कचेरीतल्या माझ्या जुन्या हेडक्लार्कला फोन लावला. म्हणाला, "साहेब, तुमच्यावाचून अडतंय हो फार." मी विचारलं, माझी खोली? "अगदी तशीच आहे साहेब. फक्त झेरॉक्स मशीन तिथे हलवलंय. आणि त्याला जागा पुरेना म्हणून टेबल बाहेर काढलंय."

माणूस निष्ठावान आहे.

४ फेब्रुवारी

काही तात्पुरत्या अडचणी.

आपल्या सगळ्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बायका गल्लीतच राहतात, ही माहिती ठरावाच्या वेळी कोणी दिली नव्हती. आता त्यांना भिंतीला पूर्ण वळसा घालून, मधला नाला ओलांडून यावं लागतं. आमच्या बाई आज दुपारी पोचल्या. आल्या, पंख्याखाली बसल्या आणि माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. मी मुकाट्याने केर काढला. मग त्यांना चहाही करून दिला.

चार घरांतून तक्रारी आल्या. एका बाईंना इस्त्रीचे कपडे मिळाले नाहीत, एकीचा माळी येईनासा झालाय. सगळ्या मला म्हणतात, "चिटणीस, काहीतरी करा." अध्यक्षीणबाई समुद्रकिनारी विश्रांतीला गेल्यात. किल्ली बरोबर घेऊन.

लेक हल्ली घरी येते तेव्हा तिच्या कपड्यांना चुना लागलेला असतो. वाचनालयाचं रंगकाम काढलंय वाटतं.

८ फेब्रुवारी

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, मग ते कसंही दिसो.

ही दिवसाउजेडी घरी आली. असं कधी होत नाही. ताट वाढून दिलं. दोन घास खाल्ले आणि विचारलं, "मागचं फाटक कोणी बंद केलं?"

मला वाटलं, अखेर कोणीतरी दखल घेतली. म्हटलं, "मंडळाने. पण ठराव माझा."

हिने चमचा खाली ठेवला.

"अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"इथेच, या टेबलावर. तुम्ही 'अगदी बरोबर' म्हणालात."

मग तिने पुन्हा सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं, सावकाश. बोगद्यातली माती वर काढायला एक खोल विहीर खणावी लागते. तिला जागा एकच मिळाली, गल्लीतलं मैदान. पण मैदानाला कुंपण घातलं की गल्लीची रस्त्याकडे जाणारी वाटच बंद होते. ही महिनोन् महिने घरोघर गेली, लोकांच्या भिंतींच्या भेगा पाहिल्या, त्यांच्या शिव्या ऐकल्या. शेवटी तिने शब्द दिला की काम पुरं होईपर्यंत आमच्या वसाहतीतून जा-ये करा. तेव्हा कुठे त्यांनी मैदान दिलं. आता कालपासून सगळी गल्ली खणायच्या मशीनसमोर येऊन बसलीय. काम ठप्प.

मी विचारलं, "लेखी होतं का काही?"

"नव्हतं," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून मैदान दिलं."

नंतर म्हणाली, "फाटक उघडा."

मी माझी अडचण सांगितली. मंजूर झालेला ठराव चिटणीसाला एकट्याला फिरवता येत नाही. सात दिवसांची सूचना, मग बैठक, मग मतदान. शिवाय किल्ली समुद्रकिनारी. नियम म्हणजे नियम. आज मी तोडला तर उद्या कोणीही तोडेल.

ही उठली. स्वतःचं ताट घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं. आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

बैठकीची सूचना काढली. घरोघर जाऊन पाठिंबा चाचपला. चमत्कार असा, की फाटक बंद करणं मुळात कोणालाच पसंत नव्हतं. एक म्हणाली तिने हात वर केला होता तो पंखा लावायला सांगण्यासाठी. एक त्या वेळी बाथरूममध्ये होती. अनुमोदन देणाऱ्या शेजारणीबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला करायचंय. तुम्ही इतके उत्साहात होतात, मन मोडवेना."

ही घरात बोलते, पण फक्त वस्तूंबद्दल. मीठ. टॉवेल. गाडीची वेळ. कंपनीच्या वरच्या साहेबाचा फोन आला होता. दाराआडून ऐकू आलं. ही म्हणत होती, "चूक माझ्याकडून झाली. मी निस्तरते." माझं नाव तिने घेतलं नाही. घेईल म्हणून मी बराच वेळ दाराशी उभा होतो.

१२ फेब्रुवारी

आज अक्षर गिचमिड येईल.

दुपारी आमच्या दिवाणखान्यात मंडळाच्या चार सभासद जमल्या होत्या. सात दिवसांच्या सूचनेतून पळवाट निघते का यावर मी बोलत होतो. इतक्यात रखवालदार आला. चेहरा विजयी. भिंतीवरून आत उतरताना एक आरोपी पकडलाय, कलमाप्रमाणे चिटणीसासमोर हजर करतोय, असं त्याच्या हातवाऱ्यांवरून समजलं. मी कोट सावरून बसलो.

त्याने आरोपीला पुढे केलं. आमची लेक. गुडघ्याला पट्टी, अंगावर चुना, काखेत व्हॉलीबॉल.

"वाचनालय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"बाबा, वाचनालय नव्हतंच कधी," ती म्हणाली. "गल्लीतल्या शाळेमागे कोर्ट आहे. मी त्यांच्या संघात आहे. पहिल्या महिन्यापासून."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"आईला माहितीये." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही समिती नेमली असती."

सभासद बायका सरबताच्या ग्लासात बघत बसल्या. लेकीने चेंडू माझ्या खुर्चीवर ठेवला. "ते जाऊ द्या. आई तिथे मैदानात उभी आहे. सकाळपासून. सगळी गल्ली एकीकडे आणि ती एकटी. मी जवळ गेले तर म्हणाली, तू घरी जा. बाबा, ती पाणीसुद्धा पीत नाहीये, कारण ते लोक पीत नाहीयेत."

मी उठलो. पुढच्या फाटकातून वळसा घालायचा म्हणजे नाला आला. मागे भिंतीशी माझी ती पाहणीची खुर्ची अजून तशीच पडली होती. तिच्यावर चढलो. या वयात आणि या पोटाने भिंत चढू नये. वर पोचलो, तिथून खाली गल्लीत उतरलो असं लिहायला हवं, पण पडलो हे खरं आहे. विजार गुडघ्यावर फाटली. मदतीला शिडीवाला आला. त्याने मला उभं केलं, धूळ झटकली आणि मैदानाकडे बोट दाखवलं.

मैदानात पन्नासएक माणसं जमिनीवर बसलेली. म्हाताऱ्या, पोरं, आमच्या कामाच्या बाई सगळ्यांत पुढे. समोर ते पिवळं अजस्र मशीन, आणि मध्ये ही. डोक्यावर शिरस्त्राण, ओठ सुकलेले. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही पडला, जणू आता हा माणूस इथेही ठराव वाचणार.

मी वाचणारच होतो, खरं तर. खिशात कागद होता. पण तो भिंतीवरून पडताना कुठेतरी गेला. मग मी त्यांच्याच भाषेत बोललो. सोपं वाक्य तयार केलं होतं: चूक माझी आहे, फाटक आजच उघडू. मोठ्याने म्हणालो. छातीवर हात ठेवून.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळं मैदान. म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. मी तेच वाक्य आणखी जोरात म्हणालो. आता ही पण. हिला मी कित्येक महिन्यांत इतकं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ते सगळं हसण्याचंच होतं असं नाही.

हसणं ओसरल्यावर ही पुढे आली आणि त्यांच्याशी बोलली. ती त्यांची भाषा इतकी चांगली बोलते हे मला माहीत नव्हतं. कामाच्या बाई उठल्या. मग एकेक करून सगळे. कोणीतरी हिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

गल्लीतला लोहार करवत घेऊन आला. त्याने साखळी कापायला घेतली, तेव्हा मी चिटणीस या नात्याने त्याला तोंडी परवानगी दिली. त्याने ऐकलं नाही. करवतीचा आवाज फार होता.

१४ फेब्रुवारी

लेकीकडून खुलासा मिळाला. मी मैदानात जे म्हणालो त्याचा अर्थ असा होता: 'मी फाटक आहे. मला आत्ताच उघडा.'

गल्लीत आता मला सगळे 'फाटक' म्हणतात. पोरं तर लांबून ओरडतात. आमच्याकडे हे चांगलं प्रतिष्ठित आडनाव आहे, असं मी शिडीवाल्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने पुन्हा माझा हात दाबला.

संधी साधून लेकीने दुसरंही सांगून टाकलं. रखवालदाराला मी सहा महिने 'शुभ सकाळ' म्हणत नव्हतो. 'किल्ली कुठे आहे?' असं दरडावून विचारत होतो. बिचारा रोज दाखवत होता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या आनंदाने म्हणायचात, बाबा."

याच अर्थाचं वाक्य मला या महिन्यात दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. सगळी दुनिया माझं मन मोडू नये म्हणून धडपडतेय. एवढा मी केविलवाणा दिसतो की काय?

२० फेब्रुवारी

अध्यक्षीणबाई परतल्या. तातडीची बैठक झाली, सात दिवसांची सूचना न देता. साखळीच्या नासधुशीबद्दल चिटणीसावर ठपका, आणि पदावरून मुक्तता. सर्वानुमते. बाथरूममधल्या बाईही या वेळी वेळेवर हजर होत्या. निरोपाचं भाषण करावं म्हणून उठलो, तर सगळ्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागल्या. मी बसलो.

फाटक मात्र उघडंच राहणार आहे. इस्त्रीचे कपडे वेळेवर यायला लागल्यावर त्या विषयावर कोणाला चर्चा नको होती.

ही आता वस्तूंखेरीजही बोलते. पण जपून. मी ऐकतोय की नाही हे वाक्य संपल्यावर तपासते. काल तिने मध्येच विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?" मला सांगता आलं. घाम फुटला होता, पण आलं.

२ मार्च

लेकीच्या संघाचा सामना. सपाटून हरले. ती जाळ्याशी पडली तेव्हा मी उठून ओरडणार होतो. ओरडलो नाही. शेजारी बसलेल्या बाईने तिचं मूल माझ्याकडे दिलं होतं.

६ मार्च

सकाळी निघताना ही म्हणाली, "आज येताय का माझ्याबरोबर? खाली?"

सात महिन्यांत मी हिचं काम एकदाही पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. बोगदा म्हणजे बोगदा, त्यात काय बघायचं, असं मनात. गेलो.

मोठे बूट दिले, शिरस्त्राण दिलं. पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून खाली, खूप खाली. खाली दिव्यांची एक रांग दूरवर गेलेली, भिंतींतून पाणी ठिबकतंय, आणि सगळीकडून असा घरघराट की स्वतःचा आवाज ऐकू येईना. हिने मला एका कडेला उभं केलं. "इथून हलू नका हां."

हललो नाही.

मग ती पुढे गेली. पुढे एक पंप बंद पडला होता, पाणी घोट्यापर्यंत चढत होतं. ती पाण्यात उतरली. एकाला ओरडली. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. घरात ती इतक्या हळू बोलते की मी पुष्कळदा ऐकतच नाही. दहा-पंधरा धिप्पाड माणसं तिच्या बोटाच्या दिशेने धावत होती. एका तरुण कामगाराचा हात अडकला होता. जखम खोल नव्हती, पण पोरगं घाबरलं होतं. हिने स्वतः खाली बसून त्याचा हातमोजा कापला, बोटं एकेक करून हलवून पाहिली आणि त्याच्या गालावर हलकी चापट मारली. पंप सुरू झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या कामाला लागले.

मला माझ्या गेल्या दोन महिन्यांतल्या ठरावाची आठवण झाली. ती फार वेळ टिकू दिली नाही.

ती परत आली तेव्हा कमरेपर्यंत चिखल. एका पाइपावर बसली, शिरस्त्राण काढलं. केस कपाळाला चिकटलेले.

"कंटाळलात?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही म्हटलं ना."

तिने बुटातलं पाणी ओतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंपनीने आणखी तीन वर्षं थांबायला सांगितलंय. बोगदा पुरा होईपर्यंत. मी परवा हो म्हणून टाकलं."

तीन वर्षं म्हणजे माझी रजा संपून जाणार. कचेरी गेली. हे तिला माहीत होतं. मला न विचारता तिने आयुष्यात पहिल्यांदा काही ठरवलं होतं, आणि आता ती उत्तराची वाट बघत पाइपावरचा चिखल नखाने खरवडत होती.

"तुम्हाला जायचं असेल तर जा," ती म्हणाली. "चिडून नाही म्हणत. खरंच. इथे तुमचे हाल होतात, दिसतं मला. आम्ही दोघी राहू."

सवयीने म्हणालो, "ठराव मंजूर."

ती हसली नाही.

मग मी तिच्या शेजारी बसलो. पाइप ओला होता. म्हणालो, "मला जायचं नाहीये. मी राहतो. इथे काय करेन ते मला माहीत नाही, पण राहतो." घरघराटात तिला ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून आणखी एकदा म्हणालो. मोठ्याने. आपल्या भाषेत.

तिने मान हलवली. पुढे दिव्यांच्या रांगेत माणसं माती भरत होती.

वर जायची लिफ्ट आली तेव्हा ती पाळी संपलेल्या कामगारांनी गच्च भरलेली होती. पाय ठेवायला जागा नाही. मी मागे सरकलो. ही पुढे झाली आणि त्यांना काहीतरी म्हणाली. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"माझा नवरा आहे म्हटलं," ती म्हणाली. "जरा जागा करा."

त्यांनी केली.